दिवंगत छायाचित्रकारांचे ऋण

मनुष्य जन्मास येतो तोच तीन ऋणे शिरावर घेऊन येतो, असे आपले शास्त्रकार सांगतात. देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने व पितरांचे प्रजेने फेडावयाचे. ज्यांनी ही मोजदाद केली त्यांनी मित्रांचे ऋण वेगळे मांडले नाही. कदाचित् मित्र देण्याघेण्याची वही ठेवीत नाही हे त्याचे कारण असेल. परंतु धनकोने वही ठेवली नाही म्हणून ऋणको मुक्त होतो, असा न्याय कोठेच नाही. उलट अशा वेळी वही ठेवण्याचे काम ऋणकोवरच येऊन पडते.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष जाण्यास एक खाजगी कारण घडले, ते प्रथमच सांगून टाकतो. आमचे एक छायाचित्रकार मित्र गेल्या वर्षी निवर्तले. वीस-बावीस वर्षे ते आमच्याबरोबर लेणी, देवळे आणि पडके वाडे हिंडले. आम्ही टिपणे करावी आणि त्यांनी छायाचित्रे घ्यावी, असा क्रम होता. त्या चित्रांचा एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही. पुढे आमचे लेख व एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि वाचकांनी त्यांस बरे म्हटले. त्या बरेपणातला मोठा वाटा चित्रांचा होता, हे आम्हांस तेव्हाही ठाऊक होते. तथापि चित्रांखाली आम्ही छापले ते इतकेच : 'एका स्नेह्याच्या सौजन्याने.' नाव घालू का, असे विचारल्यावर ते हसून म्हणाले होते, "अरे, दगड त्या पाथरवटांचा, शब्द तुझे. मी मध्ये नुसता उभा होतो." आम्ही ते बोलणे सोयीचे म्हणून खरे धरले.

त्यांच्या मागे थोड्याच दिवसांनी एका कामासाठी १८६६ साली लंडनमध्ये छापलेला एक जुना ग्रंथ पुन्हा चाळण्याचा प्रसंग आला. धारवाड व म्हैसूर प्रांतांतील वास्तुकलेवरचा तो मोठ्या आकाराचा ग्रंथ आहे. ऐतिहासिक वर्णन कर्नल मेडोज टेलर ह्यांचे, वास्तुशास्त्रीय टिपणे जेम्स फर्गसन ह्यांची. परंतु मुखपृष्ठावर ह्या दोन प्रसिद्ध लेखकांच्या आधी छायाचित्रकारांची नावे आहेत, आणि त्यांत पहिले नाव मुंबईच्या वैद्यकीय खात्यातील दिवंगत डॉक्टर पिगू ह्यांचे आहे. पिगू १८५८ साली वारले होते. ग्रंथ निघाला तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षे लोटली होती, आणि तरी त्यांचे नाव अग्रभागी होते. तो 'दिवंगत' हा एक शब्द वाचून आम्ही ग्रंथ मिटला. ज्या कामासाठी तो काढला होता ते त्या दिवशी झाले नाही.

फर्गसनसाहेबांचे नाव आपल्याकडील सुशिक्षितांस अपरिचित नाही. हिंदुस्थानातील वास्तुकलेचा सुसंगत इतिहास प्रथम लिहिण्याचा मान त्यांच्याकडे जातो. त्यांचा जन्म १८०८ साली स्कॉटलंडातील एअर गावी झाला. कलकत्त्यातील पेढीवर काम करून व पुढे निळीच्या धंद्यात शिरून त्यांनी पैसा मिळविला, आणि १८३५ पासूनची काही वर्षे देशभर प्रवास करून देवळे, मशिदी व लेणी पाहिली. त्या वेळी छायाचित्रणाची कला जन्मास यावयाची होती. डागेरची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. तेव्हा फर्गसनसाहेब कॅमेरा ल्यूसिडा नावाच्या उपकरणाच्या साह्याने कागदावर दिसणारी आकृती पेन्सिलीने गिरवून घेत. ह्या रेखाटनांच्या जोरावर १८४५ साली त्यांचे लेण्यांवरील पुस्तक निघाले.

परंतु एका माणसाच्या पेन्सिलीने एवढ्या मोठ्या देशातील वास्तू किती टिपाव्या? वास्तुकलेचा इतिहास म्हणजे तुलना. वेरूळचा खांब बदामीच्या खांबाशेजारी ठेवून पाहिल्यावाचून कोणता आधीचा व कोणता नंतरचा हे ठरत नाही. आणि खांब काही उचलून आणता येत नाहीत. फर्गसनसाहेबांनी आपले मोठे ग्रंथ लिहिले ते लंडनमध्ये राहून. तेथे त्यांच्या मेजावर हा देश आणून ठेवला तो छायाचित्रकारांनी.

ही मंडळी कोण होती ते पाहण्याजोगे आहे. १८५५ च्या सुमारास कंपनी सरकारच्या डायरेक्टरांस असे वाटू लागले की, प्राचीन वास्तूंची चित्रे हाताने काढविण्यापेक्षा यंत्राने घेणे स्वस्त व अधिक विश्वसनीय पडेल. तदनुसार मुंबई तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज ह्यांस विजापूर, बदामी, ऐहोळे ह्या बाजूस पाठविण्यात आले. वर्ष संपते न संपते तोच पलटणीने त्यांस परत बोलाविले, आणि ते काम डॉक्टर पिगू ह्यांच्याकडे आले. नीलसाहेब हेही मद्रासकडील लष्करी वैद्यच. त्यांनी म्हैसूर मुलखातील देवळांची चित्रे घेतली. म्हणजे एक गोलंदाज आणि दोन वैद्य. ह्यांपैकी कोणाचाही पोटाचा धंदा छायाचित्रणाचा नव्हता.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे काय होते ह्याची कल्पना आज सहज येणार नाही. बिग्ज ह्यांची पद्धत कागदी निगेटिव्हाची. कागद रुप्याच्या क्षारात भिजवून प्रकाशग्राही करावयाचा, तो यंत्रात बसवून कित्येक मिनिटे वास्तूसमोर उघडा ठेवावयाचा, आणि मग अंधाऱ्या जागी त्यावरील प्रतिमा उमटवावयाची. ह्याच सुमारास काचेवर कोलोडियन ओतून घेण्याची पद्धतही प्रचारात आली. तिच्यात चित्र अधिक रेखीव येई, परंतु काचेवरील लेप ओला आहे तोवरच सर्व कृती आटोपावी लागे. आपल्या उन्हाळ्यात तो लेप किती वेळ ओला राहणार! म्हणून छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, औषधांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या व स्वच्छ पाण्याच्या घागरी असा सगळा संसार चाले. मलप्रभेच्या खोऱ्यातील वाटांनी हे ओझे वाहून न्यावयाचे, त्यात काच फुटली की दिवस फुकट, आणि औषध नासले की पुरवठा मुंबईहून व्हावयाचा. असे एकेक चित्र हाती येई.

ही चित्रे दप्तरांत पडून राहिली असती, तर त्यांचा विद्येस काही उपयोग झाला नसता. पश्चिम हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंसाठी एक समिती स्थापन झाली, आणि तिच्यातर्फे १८६६ साली अहमदाबाद, विजापूर व धारवाड-म्हैसूर अशा तीन ग्रंथांची मालिका प्रसिद्ध झाली. तिला आश्रय मिळाला तो प्रेमचंद रायचंद व करसनदास माधवदास ह्या मुंबईच्या धनिकांचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतला हा पैसा. १८६५ साली युद्ध संपले, शेअरांचा फुगा फुटला, आणि प्रेमचंदशेटही त्या पडझडीत सापडले. ग्रंथ छापून हाती आले तेव्हा आश्रयदात्याचे वैभव ओसरलेले होते. छायाचित्रकारांपैकी एक मृत, आश्रयदाता पडत्या काळात. अशा दोन दानांवर ते देखणे ग्रंथ उभे आहेत. विजापूरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही असाच एक 'दिवंगत' आहे : मुंबईच्या फौजेतील मेजर लॉक.

फर्गसनसाहेबांच्या कीर्तीला ह्या साह्याचा किती उपयोग झाला? १८६४ साली अजिंठा-वेरूळ आदी लेण्यांवर त्यांचे एक पुस्तक निघाले, त्यात मेजर गिल ह्यांनी जागेवर घेतलेली ७४ छायाचित्रे होती. १८६८ साली वृक्षपूजा व नागपूजा ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ आला, त्यात सांचीच्या स्तूपाची छायाचित्रे लेफ्टनंट वॉटरहाऊस ह्यांची. १८७१ साली ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजसंस्थेने त्यांस सुवर्णपदक दिले. आणि १८७६ साली हिंदुस्थान व पूर्वेकडील देशांच्या वास्तुकलेचा त्यांचा सुप्रसिद्ध इतिहास बाहेर पडला. ह्या इतिहासाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, आपल्यापाशी तीन हजारांहून अधिक छायाचित्रे आहेत, ती नित्य डोळ्यांपुढे असतात, आणि दूरदूरच्या वास्तूंतील साम्यभेद ओळखण्याच्या कामी ती प्रत्यक्ष पाहण्याच्या जवळजवळ बरोबरीची आहेत. दक्षिणेतील ज्या देवळांना त्यांनी 'चालुक्य' शैलीची म्हणून वेगळे काढले, त्या शैलीची ओळख विद्वानांच्या जगास पटविण्यात पिगू, नील व बिग्ज ह्यांच्या चित्रांचा वाटा लहान नव्हता. बुद्धी फर्गसनसाहेबांची होती, वर्गीकरण त्यांचे होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दळण चांगले निघाले म्हणून दाणे कोणी दिले हे विसरून चालत नाही.

ह्या सर्वांत मेजर गिल ह्यांची कथा मनाला चटका लावणारी आहे. फर्गसनसाहेबांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरील निबंध वाचला. त्यातून पुढे चळवळ होऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविण्याचे ठरले, आणि १८४४ साली ह्या कामावर मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल ह्यांची नेमणूक झाली. त्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे त्या डोंगरात घालविली. त्यांनी रंगविलेल्या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक जळून गेल्या. वीस वर्षांचा रंग एका रात्रीत राख झाला. मधल्या काळात त्यांनी जी छायाचित्रे घेतली होती ती मात्र पुस्तकांतून उरली. गिल पुन्हा अजिंठ्याकडे वळले. १८७९ साली ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. मुंबईहून नागपूरकडे किंवा उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या त्या स्टेशनावर थांबतात, आणि आपण चहा पिऊन पुढे जातो.

येथवर वाचून कोणास वाटेल की, आम्ही फर्गसनसाहेबांस कृतज्ञतेचा आदर्श म्हणून वाचकांपुढे उभे करीत आहो. एका अर्थी ते खरे आहे. मेलेल्या सहकाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु इतिहासाने पान उलटून पाहिले पाहिजे, आणि उलटून पाहिले म्हणजे दुसरी बाजूही दिसते.

विजापूरच्या ग्रंथाचेच मुखपृष्ठ पुन्हा वाचावे. त्यातील काही चित्रे जागेवर घेतलेली आहेत व काही आधी काढलेल्या नकाशांवरून यंत्राने उतरविलेली आहेत. नकाशे काढणारांची नावे तेथे दिली आहेत : कॅप्टन हार्ट, मिस्तर कमिंग, आणि 'देशी नकाशाकार'. पहिल्या दोघांना नावे आहेत, पदव्या आहेत. तिसऱ्या ठिकाणी माणसे किती होती हेदेखील कळत नाही. गोलघुमटाची मापे ज्यांनी घेतली, इब्राहिम रोज्यावरील नक्षी ज्यांनी कागदावर उतरविली, त्यांना मिळून एकच सामान्यनाम! कॅमेऱ्याच्या पेट्या वाहणारे, पाणी आणणारे व तंबूत बाटल्या धरणारे ह्यांस तर तेवढेही नाही.

आपल्या लोकांस ही कला येत नव्हती, असे म्हणावे तर तसेही नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. कलकत्त्यास १८५६ साली तशीच सोसायटी स्थापन झाली, आणि राजेंद्रलाल मित्र हे तिचे खजिनदार होते. १८५७ साली मुफस्सिल भागातील गोऱ्यांनाही कंपनीच्या फौजदारी कोर्टांचा अंमल लागू व्हावा ह्या वादात मित्रबाबूंनी टाऊन हॉलच्या सभेत भाषण केले आणि निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर कडक टीका केली. त्याचा परिणाम असा झाला की, त्यांस सोसायटीबाहेर पडावे लागले. ओरिसातील प्राचीन वास्तूंवर दोन खंड लिहिणारा हा पंडित पुढे फर्गसनसाहेबांच्या काही मतांशी भिडला. हिंदुस्थानातील दगडी बांधकामाचे मूळ किती जुने व कोणाचे, हा त्या वादाचा गाभा होता. उत्तरादाखल फर्गसनसाहेबांनी १८८४ साली एक स्वतंत्र पुस्तिका काढली. इल्बर्ट बिलाच्या गदारोळाचे ते दिवस होते. आणि पुस्तिकेतील प्रश्न दगडाचा न राहता देशी माणसाच्या लायकीचा होऊन बसला. ज्याने तीन हजार छायाचित्रे मित्रांच्या औदार्याने मिळविली, त्याला त्याच कलेत आणि त्याच विद्येत वावरणाऱ्या एका हिंदी पंडिताविषयी औदार्य दाखविता आले नाही. फर्गसनसाहेब १८८६ साली वारले, मित्रबाबू १८९१ साली.

ह्यावरून आम्ही फर्गसनसाहेबांचे श्रेय काढून घेऊ इच्छीत नाही. त्यांच्या काही उपपत्ती पुढील संशोधनाने टाकून दिल्या, तरी त्यांनी आखलेल्या वाटेनेच ते संशोधन पुढे गेले. आमचे म्हणणे एवढेच की, कृतज्ञतेलाही जातगोत असते. आपल्या पंक्तीत बसणाऱ्याचे ऋण आपल्याला चटकन आठवते. पंक्तीबाहेरच्याचे ऋण आपण सामान्यनामाखाली जमा करतो. 'देशी नकाशाकार' हे शब्द ज्याने छापले तो दुष्ट होता असे नव्हे. त्याला त्यात काही चुकल्यासारखे वाटलेच नसेल. दोषाची खरी जागा हीच.

आणि हे लिहीत असता लेखणी थबकली. 'एका स्नेह्याच्या सौजन्याने' आणि 'देशी नकाशाकार', ह्या दोन शब्दप्रयोगांत फरक तो काय? दोन्ही ठिकाणी ऋण मान्य केले आहे आणि नाव गिळले आहे. तेथे निदान राज्यकर्त्याचा गर्व तरी कारण होता. आमच्यापाशी तेवढेही नव्हते. मित्राच्या विनयाचा आम्ही फायदा घेतला, इतकेच. चित्रे कोणाची हे वाचकाला ठाऊक नसले म्हणजे पुस्तकातील सगळा उजेड लेखकाचा वाटतो, ही गोष्ट आमच्या मनात अगदीच नव्हती असे आम्हांस शपथेवर सांगवणार नाही.

मित्र गेल्यावर वहिनींनी आम्हांस बोलावून एक पत्र्याची पेटी दिली. "ह्यांनी तुमच्यासाठी म्हणून ठेवली होती," एवढेच त्या म्हणाल्या. पेटीत निगेटिव्हा होत्या, एकेक पातळ कागदी पाकिटात घातलेली. पाकिटावर पेन्सिलीने ठिकाण, तारीख, वेळ व उजेडाची दिशा लिहिली होती. आणि शेवटच्या ओळीला प्रत्येक पाकिटावर एक नाव होते. प्रथम आम्हांस अर्थबोध झाला नाही. मग एका लेण्याचे पाकीट हाती आले आणि आठवण झाली. गाभाऱ्यात काळोख होता; बाहेरच्या उन्हाची तिरीप आत फेकण्यासाठी पहारेकऱ्याच्या मुलाने पांढरे धोतर ताणून धरले होते, आणि चित्र साधेपर्यंत त्याचे हात भरून आले होते. त्या मुलाचे नाव पाकिटावर होते. दुसऱ्यावर शिडी आणून देणाऱ्या गुरवाचे, तिसऱ्यावर भिंतीवरचे शेवाळ पुसणाऱ्या म्हातारीचे. एके ठिकाणी आमचेही होते. त्या दिवशी आम्ही छत्री धरली होती.

ज्याचे नाव आम्ही छापले नाही त्याने असा हिशेब ठेवला होता. ह्या निबंधातही त्याचे नाव आम्ही घेतलेले नाही, ते मात्र जाणून. निबंधात नाव घेऊन हात झाडणे सोपे आहे. नाव जेथे नव्हते तेथेच ते आले पाहिजे. पुस्तकाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा प्रत्येक चित्राखाली ते येईल, आणि त्याखाली पाकिटावरील दुसरे नावही येईल. मुखपृष्ठावर आमच्या नावाच्या आधी त्याचे नाव राहील, आणि त्यामागे तो एक शब्द लावावा लागेल. तो शब्द लावावयाची पाळी येण्यापूर्वी हे काम झाले असते तर अधिक बरे झाले असते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको.